पूजेतलं कार्ड

दुर्गदबैल, हुबळी
८ नोव्हेंबर २०२४

ती. अण्णांना सुमनचा शिरसाष्टांग नमस्कार.

दुपारी गिऱ्हाईक नसतं म्हणून दुकानात बसूनच लिहितेय. फोन करायचं मी सोडलं. तुम्हाला ऐकू येत नाही, मग मनीषा मध्ये बसते आणि माझं बोलणं तुमच्या कानात ओरडते. ‘आत्या विचारतायत, पोट साफ होतंय का!’ हे त्या दिवशी तुमच्या पुण्यातल्या अख्ख्या सोसायटीनं ऐकलं असेल. सून गुणी आहे, पण पत्र बरं. खुब्याचं हाड कसं आहे? काठी धरून चालता की भिंत धरून?

यंदा लक्ष्मीपूजनाला पायरी रिकामी होती. दरवर्षी तुम्ही धारवाडच्या मळमड्डीहून येता, दुकानाच्या पायरीवर बसून भटजींना चार टोमणे मारता आणि सगळ्यांत जास्त करंज्या खाता. भटजींनी यंदा एकही मंत्र चुकवला नाही. जाताना मला म्हणाले, ‘मास्तर नाहीत तर मजा नाही हो.’

पूजेचा फोटो सोबत पाठवतेय. तुम्हाला हातात धरून बघता यावा म्हणून फोनमधला फोटो स्टुडिओत मोठा छापून घेतला. चौरंगावर चोपड्या आहेत, कापड मोजायचा लोखंडी गज आहे, सासऱ्यांच्या वेळची कात्री आहे आणि माझं बँकेचं कार्ड आहे. कार्ड ठेवायची पद्धत ह्यांची. ‘आता लक्ष्मी गल्ल्यात कुठे असते, ती ह्याच्यात असते,’ म्हणायचे. नव्या कार्डावर नंबर, तारीख सगळं एकाच बाजूला छापलेलं असतं. तीच बाजू वर ठेवली. कोरी बाजू वर ठेवून पूजा कशी करायची? कुंकवाचं बोट आकड्यांवर लागू नये म्हणून अगदी कडेला लावलं. दिसतंय ना?

घरमालक विठ्ठलराव गेल्यापासून त्यांचा मुलगा सदाशिव व्यवहार बघतो. संक्रांतीला दुकानाचा करार संपतो. नवीन करार हवा असेल तर अनामत चौपट, असं तो मोबाईलमध्ये बघत बघत म्हणाला. ‘मावशी, मोबाईलवाला मागायला बसलाय, पण तुमचा मान आधी.’ हे गेल्यानंतर मी थोडं थोडं बाजूला टाकत आले ते ह्याच दिवसासाठी. साडेतीन लाख खात्यात आहेत. मिरजकरांच्या खणांच्या दुकानात मोबाईलची कव्हरं लटकलेली मला बघायची नाहीत. देव ती वेळ आणणार नाही. (तुम्ही हसाल. हसा.)

प्रकृतीला जपा.
तुमची
सुमन


पुणे
१५ नोव्हेंबर २०२४

प्रिय सुमन,
अनेक आशीर्वाद.

फोटो उशाशी उभा करून ठेवला आहे. फिजिओथेरपीची पोरगी विचारत होती, ‘आजोबा, हे कुठलं मंदिर?’ मी सांगितलं, हे माझ्या बहिणीचं दुकान आहे आणि तिथे मी आजवर एकदाही हात जोडलेले नाहीत.

पण एक सांगतो. मी आयुष्यभर व्यासपीठावरून देवांची आणि भटजींची हजेरी घेतली. तुझ्या या चौरंगाबद्दल मात्र मला कधी वाईट बोलता आलं नाही. ज्या गजानं लोकांना कापड मोजून द्यायचं, त्याच्यासमोर वर्षातून एकदा वाकायचं, यात श्रद्धेपेक्षा जबाबदारी जास्त आहे. एखाद्या मंत्र्याला त्याच्या खुर्चीसमोर असं वाकताना मी पाहिलेलं नाही. खुर्चीवर बसताना मात्र पुष्कळ पाहिले.

कार्डाच्या पूजेची गंमत वाटली. तू त्या बँकेला हळदकुंकू लावतेस. बँक तुला काय लावते ते बघू.

सदाशिवला लेखी करार माग. पैसे चेकनं दे. मोबाईलवाला बसलाय ही थाप असणार, मालक लोकांकडे असा एक मोबाईलवाला नेहमी बसलेला असतो.

हाड जुळतंय. कान काही जुळत नाहीत. ज्या माणसानं धारवाडच्या कडपा मैदानावर माइक बंद पडला तरी शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवला, त्याला आता स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. हे कुणाला सांगू नकोस.

तुझा
अण्णा


उणकल, हुबळी
२९ नोव्हेंबर २०२४

ती. अण्णांना शि. सा. नमस्कार.

पैसे गेले, अण्णा. अनामतीचे सगळे. गुळेदगुड्डच्या विणकरांना द्यायचे म्हणून ठेवलेले थोडे वाचले आहेत, बाकी खातं धुऊन गेलं.

गेल्या रविवारी जयलक्ष्मीच्या मुलीचं लग्न होतं, धारवाडला. फोन पर्समध्ये, आवाज बंद करून. जेवणाच्या पंगतीतून उठल्यावर बघितलं तर बँकेचे मेसेज एकाखाली एक, डॉलरमध्ये. मला वाटलं जाहिरात आहे. जयलक्ष्मीच्या थोरल्या जावयानं चष्मा लावून वाचलं आणि त्याच्या हातातला विडा तसाच राहिला.

तिथूनच बँकेच्या नंबरवर फोन लावला. कन्नडला दोन दाबा, कार्डासाठी चार दाबा, मागे सनई वाजतेय. शेवटी एक बाई आली. मी रडत होते, ती शांतपणे माझी जन्मतारीख विचारत होती. कार्ड बंद केलं, तक्रार नंबर दिला आणि म्हणाली, ‘तुमचा दिवस शुभ जावो.’ सायबर पोलिसांच्या नंबरावरही त्याच संध्याकाळी तक्रार नोंदवली.

सोमवारी शाखेत गेले. तिथे मंजुनाथ म्हणून अधिकारी आहे, वागायला बरा. त्यानं पडद्यावर बघून सांगितलं की परदेशातल्या कुठल्यातरी खेळाच्या वेबसाइटवर खरेदी झाली आहे. काय घेतलं, म्हटलं. तो जरा ओशाळला. ‘तलवारी री अम्मा. खेळातल्या. कॉम्प्युटर ओळगं.’ कॉम्प्युटरच्या आतल्या तलवारी! अण्णा, मी दुकानात उभी राहून वीत वीत खण विकले, आणि कुणीतरी त्याच्या न दिसणाऱ्या तलवारी घेतल्या.

मला ओटीपी आला नाही, मी कुणाला काही सांगितलं नाही, मग पैसे कसे गेले? तर बाहेरदेशच्या वेबसाइटला ओटीपी लागतोच असं नाही म्हणे, कार्डाचे आकडे माहीत असले की पुरे. आणि माझं कार्ड बाहेरदेशी चालेल असं करून ठेवलेलं होतं. लेकीकडे, पल्लवीकडे, मस्कतला गेले होते तेव्हा तिनंच शाखेत सांगून चालू करायला लावलं होतं. ‘परत आल्यावर बंद का नाही केलंत?’ मंजुनाथनं विचारलं. मी घरी आले तेव्हा मला वाटलं कार्डही घरी आलं.

आकडे त्या लोकांना कुठून मिळाले, ते कुणालाच सांगता येत नाही. फॉर्मवर ‘माहिती कोणाला दिली का’ याच्यापुढे नाही असं लिहून आले.

काय करू ते सांगा. पल्लवीला अजून कळवलेलं नाही. ती तिथे बसून स्वतःला दोष देत राहील.

सुमन


पुणे
४ डिसेंबर २०२४

प्रिय सुमन,

तुझं पत्र वाचलं आणि काठी न घेता उभा राहिलो. मनीषा धावत आली.

आधी एक गोष्ट नीट ऐक. तू रडायचं नाहीस आणि ओशाळायचंही नाहीस. चोरी झाली की या देशात चोराच्या आधी ज्याच्या घरी चोरी झाली त्याची चौकशी होते. कडी का लावली नाही? दिवा का मालवला? परदेशातला व्यवहार बंद का नाही केला? तुझ्या खात्याची राखण करण्यासाठी बँक तुझ्याकडून दरवर्षी पैसे कापते. राखणदार झोपला, आणि सकाळी उठून मालकिणीला विचारतो, तू जागी का नव्हतीस!

मी मुकुलकडून नियम काढून घेतले. (आमचे चिरंजीव कॉम्प्युटरवर दिवसभर असतात, पहिल्यांदाच घरच्या कामाला आले.) ग्राहकाची चूक नसेल आणि त्यानं तीन कामाच्या दिवसांत कळवलं असेल, तर नुकसान बँकेचं. ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करायचं कामही बँकेचं. तू तर त्याच दिवशी कळवलंस. तेव्हा मान वर करून जा. खुर्ची दिली तर बस, नाही दिली तर माग.

पल्लवीला कळव. आणि सदाशिवला सांग की पैसे येणार आहेत, थोडा थांब.

इथे पडून राहिलो याचा इतका संताप कधी आला नव्हता. धारवाडात असतो तर त्या शाखेच्या दारात उभा राहून बोललो असतो, आणि रस्त्यावरचे रिक्षावाले रिक्षा थांबवून ऐकत राहिले असते.

अण्णा


दुर्गदबैल, हुबळी
२० डिसेंबर २०२४

ती. अण्णांना शि. सा. नमस्कार.

तुमच्या पत्रानं बळ आलं. खुर्ची मागितली. दिली.

एक बरी बातमी आहे, पण ती धड बरीही नाही. बँकेनं पैसे परत जमा केले आहेत, सगळे. मी पासबुक घेऊन त्या छापायच्या यंत्रापुढे उभी राहिले, रक्कम छापून आली. शेजारच्या माणसाला पेढे देईन म्हटलं. मग मंजुनाथनं आत बोलावलं. पैसे तात्पुरते आहेत. चौकशी संपेपर्यंत त्यांच्यावर बंधन आहे. दिसतात, काढता येत नाहीत. आणि खातं चौकशीत असल्यामुळे माझे स्वतःचे उरलेले पैसेही त्याच बंधनात अडकले आहेत. चौकशीला तीन महिनेसुद्धा लागू शकतात.

मी म्हटलं, संक्रांतीला मला दुकान सोडावं लागेल. तो म्हणाला, ‘नोड्री अम्मा, बघा, केस तुमच्या बाजूनं आहे. त्याच दिवशी तक्रार केलीत, ओटीपी नाही, काही नाही. आता फक्त गप्प बसा. नवीन कागद घालू नका. जितके कागद जातील तितके वरचे लोक प्रश्न काढतात.’ हे त्यानं हळू आवाजात, दाराकडे बघत सांगितलं. मला तो खरं बोलतोय असं वाटलं.

सदाशिवला पासबुक दाखवलं. त्यानं आकडा बघितला आणि म्हणाला, ‘आहेत की पैसे! मग द्या ना मावशी.’ बंधन म्हणजे काय ते मी त्याला समजावत होते आणि माझं मलाच ते खोटं वाटायला लागलं. खात्यात पैसे असून देत नाही म्हटल्यावर कुणालाही तसंच वाटणार. मोबाईलवाला थाप नाही, अण्णा. तो परवा येऊन टेपनं दुकान मोजून गेला. माझ्यासमोर. टेपचं दुसरं टोक धरायला मलाच सांगितलं, आणि मी धरलं.

गुळेदगुड्डहून हेमावतीचा फोन आला होता. तिच्या नवऱ्यानं विणलेल्या खणांचे पैसे दिवाळीपासून थकलेत. ती मागत नाही, नुसतं ‘आराम इद्दीरी अक्का?’, बरं आहे ना, एवढंच विचारते आणि थांबते.

गप्पच बसू ना?

सुमन


पुणे
२८ डिसेंबर २०२४

प्रिय सुमन,

गप्प बसू नकोस. मंजुनाथ भला माणूस असेल, पण त्याचा पगार बँक देते. गप्प गिऱ्हाईक बँकेला स्वस्त पडतं. तीन महिने ती तुला तुझाच पैसा काचेतून दाखवणार, आणि तेवढ्यात दुकान जाणार. याला चौकशी म्हणतात? ज्याच्याकडे वेळ आहे तो ज्याच्याकडे वेळ नाही त्याला असाच मारतो, हात न लावता. मी चाळीस वर्षं हेच सांगत आलो, आता माझ्याच बहिणीच्या बाबतीत तोंड शिवून बसू?

म्हणून तुला न विचारता मी काल बँकेच्या मुख्य कार्यालयाला लिहिलं. मी बोलत गेलो, मनीषानं इंग्रजीत उतरवलं आणि ई-मेलनं पाठवलं. आकडेवारी आणि कलमं सगळेच पाठवतात, ती कोण वाचतो? समोर माणूस उभा करावा लागतो. मी तुला उभं केलं. एक तुकडा मराठीतून देतो:

‘ज्या बाईला तुम्ही तिचेच पैसे काढू देत नाही, ती कोण आहे ते पाहा. दिवाळीच्या लक्ष्मीपूजनाला ती तुमचं कार्ड आपल्या हिशेबाच्या वह्यांशेजारी चौरंगावर ठेवते आणि त्याला कुंकू लावते. तो फोटो तिनं स्टुडिओत मोठा छापून घेऊन माझ्यासारख्या आजारी भावाला पाठवला, इतका तिला त्याचा अभिमान. तो सोबत जोडला आहे. नीट पाहा. तुमच्या एवढ्या शाखांमध्ये, एवढ्या खातेदारांमध्ये, तुमच्यावर असा विश्वास ठेवणारं दुसरं माणूस मला दाखवा. आणि मग सांगा, या विश्वासाला तुमचं उत्तर काय?’

मनीषा म्हणाली, पप्पा, अंगावर काटा आला. मुकुलनं फोटो मशीनवर घालून इतका स्वच्छ काढला की चौरंगावरचे तांदूळ मोजता येतात.

आता बघ, आठवड्यात हलतात की नाही.

अण्णा


उणकल, हुबळी
१२ जानेवारी २०२५

ती. अण्णांना शि. सा. नमस्कार.

बँकेनं नाही म्हटलं. तात्पुरते जमा केलेले पैसे परत काढून घेतले. कारण बरंच लांबलचक इंग्रजीत आहे, मला नीट लागलं नाही. तुम्ही त्याचा विचार करत बसू नका. तुमच्या पत्रात लिहिलेलं सगळं खरं होतं आणि सुंदर होतं.

सदाशिवला मी आपणहून सांगितलं की दुकान सोडते. तो खरंच वरमला. म्हणाला, सामान हलवायला पोरं देतो. मग लगेच विचारलं, जुनी कपाटं विकणार का.

आता एकच राहिलंय. माझे उरलेले पैसे अजून अडकलेलेच आहेत. ते सोडवायला एका कागदावर सही मागतात. बँकेचा निर्णय मला मान्य आहे, नुकसान माझ्या निष्काळजीपणामुळे झालं, याबद्दल पुढे कुठेही दाद मागणार नाही, असं त्यात आहे. मंजुनाथनं कन्नडमध्ये वाचून दाखवलं. वाचताना माझ्याकडे बघत नव्हता. हेमावतीचे पैसे त्यातच आहेत. काय करावं सुचत नाही.

काठी सुटली का?

सुमन


पुणे
२० जानेवारी २०२५

प्रिय सुमन,

बँकेचं उत्तर मनीषाच्या ई-मेललाही आलं होतं. तिनं माझ्यापासून लपवलं, तू माझ्यापासून लपवलंस. मला ऐकू येत नाही, सुमन, वाचता येतं. तिच्या टेबलावर छापील प्रत होती. घरातली सगळी बाहेर गेली होती, मी भिंत धरत गेलो आणि वाचली.

तुला ‘नीट लागलं नाही’ ते असं आहे: ‘ग्राहकाच्या भावानं स्वतः जोडलेल्या छायाचित्रात कार्डाचा क्रमांक, मुदत आणि तीन गुप्त आकडे स्पष्ट वाचता येतात. हे छायाचित्र बाहेरच्या स्टुडिओत छापून घेतल्याचंही त्याच पत्रात नमूद आहे. कार्डाची माहिती कोणाला दिली नाही हे ग्राहकाचं विधान त्यामुळे चुकीचं ठरतं. सबब नुकसान ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे झालं असं बँक मानते.’

त्यांना सिद्ध करायचं होतं, आणि सिद्ध करता येत नव्हतं. पुरावा मी नेऊन दिला. वर लिहिलं, नीट पाहा. त्यांनी पाहिलं.

स्टुडिओवाल्यानं काही केलं असेल असं मला वाटत नाही. जगात रोज हजारो कार्डांचे आकडे चोरीला जातात, त्यांतली किती चौरंगावर असतात? पण हे आता कोण ऐकणार? मंजुनाथ सांगत होता ते शब्दशः बरोबर होतं. त्याला मी पगारी माणूस म्हटलं.

आज मला मोठं काही बोलता येत नाही. तरी एकच सांगतो, आणि मोठा भाऊ म्हणून हात जोडून सांगतो. त्या कागदावर सही करू नकोस. सही केलीस की बँकांच्या लोकपालाचं दार बंद, ग्राहक न्यायालयाचंही अवघड. आणि कोर्टाचं सोड, निष्काळजीपणा तुझा नव्हता. माझा होता. जे तू केलं नाहीस ते केलं असं स्वतःच्या हातानं लिहून देऊ नकोस. माणसाकडून सगळं काढून घेता येतं, पण त्याच्याकडून त्याच्याविरुद्ध खोटं वदवून घेणं हा सगळ्यांत मोठा दरोडा असतो. हेमावतीचे पैसे माझ्या पेन्शनमधून पाठवतो. पुढच्या महिन्यात मी प्रवास करू शकेन. लोकपालासमोर मी उभा राहतो आणि म्हणतो, चूक माझी आहे.

थांब. एवढं ऐक माझं.

अण्णा


उणकल, हुबळी
२ फेब्रुवारी २०२५

ती. अण्णांना शि. सा. नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. वाचलं, घडी करून पर्समध्ये ठेवलं, आणि ते बरोबर घेऊनच बँकेत गेले. सही करून आले.

रागावू नका. तुमची पेन्शन हाडावर आणि औषधांवर जाते हे मनीषा सांगत नाही, पण मला कळतं. हेमावतीची मुलगी शाळेच्या सहलीला गेली नाही. हे तिनं नाही, तिच्या शेजारणीनं सांगितलं. लोकपालाकडे वर्ष जाईल. वर्षभर मी त्या बाईला ‘आराम इद्दीरी’चं काय उत्तर देऊ? पैसे तिला त्याच दुपारी पाठवले.

तुमच्या पत्रामुळे झालं हे मला मंजुनाथनं सांगितलं तेव्हा राग आला होता. खोटं कशाला बोलू? दोन दिवस मी तुमच्याशी मनातल्या मनात भांडत होते. मग दुकानात कपाटं रिकामी करताना तुमच्या पत्रातलं ते मराठीतलं पुन्हा वाचलं. माझ्याबद्दल असं आजवर कुणी लिहिलेलं नाही. ते वाचून कुणी पैसे दिले असते तर मी त्याला वेडा म्हटलं असतं, पण ते जपून ठेवलंय.

दुकानावर आता मोबाईलवाल्याची पाटी चढतेय. सामान घराच्या पुढच्या खोलीत आणलं. उणकलला कोण येणार खण घ्यायला? शेजारच्या दोघी येऊन गेल्या, भाव विचारला, बसल्या, चहा घेतला.

तुम्हाला सहीचं सांगायचं होतं. तुम्ही म्हणाल, केलीस ना, झालं. पण ती झालीच नाही पटकन. मी कागदावर सही केली, मंजुनाथ आत घेऊन गेला आणि परत आला. ‘जुळत नाही री अम्मा.’ खातं ह्यांनी उघडून दिलं तेव्हाची सही त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये आहे. तेव्हा हात कसा ठणठणीत होता! आता ‘मिरजकर’ लिहिताना शेवटच्या ‘र’पर्यंत हात उतरतो. नवीन कागद आणला. त्यावर पुन्हा तेच सगळं छापलेलं, मला मान्य आहे, माझ्या निष्काळजीपणामुळे. पुन्हा सही केली. पुन्हा जुळली नाही.

मी त्याला म्हटलं, मंजुनाथ, त्या लग्नाच्या दिवशी माझं खातं रिकामं झालं तेव्हा कुणी माझी सही बघितली होती का रे? माझ्या मागे रांग होती, एक माणूस घड्याळ बघत होता.

मग त्यानं उठून पडदा माझ्याकडे वळवला. त्यावर माझी जुनी सही होती, मोठी करून. म्हणाला, ‘हे बघून करा अम्मा. सावकाश.’ आणि तिसरा कागद पुढे केला. मी चष्मा पुसला. एकेक अक्षर वर बघायचं, खाली काढायचं, असं करत माझीच सही मी त्या पडद्यावरून उतरवून घेतली.

तो आत गेला, आला, आणि म्हणाला, ‘आयतु री.’ झालं.

तुमची
सुमन